घटना लिहिणाऱ्या पाठकबाई

गेल्या आठवड्यात लोहाऱ्याहून दोघीजणी आल्या होत्या, जीप बदलत बदलत. दोघी मैत्रिणी, तिशीच्या आतबाहेरच्या. त्यांना अपंग मुलांसाठी दिवसाचा वर्ग काढायचा होता. संस्था रजिस्टर कशी करायची, पैसा कुठून उभा करायचा, हे विचारायला कुणीतरी त्यांना माझ्याकडं धाडलं होतं. मी चहा टाकला आणि विचारलं, "आत्ता किती मुलं येतात?"

त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. "अजून सुरू नाही केलं. आधी संस्था करावी म्हटलं."

"संस्था नंतर. आधी काम," मी म्हणाले. आवाज माझा होता, पण शब्द पाठकबाईंचे होते. त्या दोघी पाच वाजताच्या गाडीनं गेल्या, तरी बाई काही रात्रभर डोळ्यांपुढून हलल्या नाहीत.

सुशीला पाठक हे त्यांचं पूर्ण नाव. मूळच्या तुळजापूरच्या, भिक्षुकाच्या घरातल्या. संस्था नोंदणीच्या सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागल्या आणि अधीक्षक होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं. धाराशिवच्या जुन्या वस्तीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायच्या. अंगानं ठेंगण्या, आवाज मात्र दाराबाहेर ऐकू जाईल असा. नेसायला कडक इस्त्रीची सुती साडी आणि पदराला कायम चार-पाच टाचण्या लावलेल्या. कागद दिसला की त्यांचा हात आपोआप पदराकडं जायचा. जिल्ह्यात कुणाला संस्था काढायची झाली, की कचेरीच्या पायरीवर कुणीतरी सांगायचंच, "आधी पाठकबाईंना भेटून या."

त्या कुणाकडून पैसा घेत नसत. फक्त एक अट असायची. आलेल्या माणसानं स्वतःचं पेन आणि कोरे कागद आणायचे. न आणणाऱ्याला त्या कोपऱ्यावरच्या दुकानात परत धाडायच्या. एकदा एक मोठे गृहस्थ पांढऱ्या गाडीतून आले होते. त्यांनाही धाडलं. ते परत आलेच नाहीत. बाई म्हणाल्या, "स्वतःच्या संस्थेसाठी ज्याला पेन घ्यायचा कंटाळा, तो पुढं सभेचं काय लिहिणार?"

मी पहिल्यांदा गेले त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली असतील. तेव्हा एसटीच्या पाटीवर उस्मानाबाद लिहिलेलं असायचं. आमच्या जिल्ह्यातल्या वाशीत तहसीलच्या मागं माझी खानावळ. कचेरीतले लोक, गाड्यांवरचे ड्रायव्हर-कंडक्टर, बाजाराला आलेली खेड्यावरची माणसं असं माझं गिऱ्हाईक. मागच्या गल्लीत गिरजाकाकू एकट्या राहायच्या. दोन्ही मुलं पुण्याला. एकदा न्हाणीत घसरून काकूंचा हात मोडला आणि त्यांची चूल बंद पडली. मी दुपारचा डबा द्यायला लागले. मग कळलं, पलीकडच्या आळीत दशरथतात्या दोन-दोन दिवस चुरमुऱ्यांवर काढतात. त्यांनाही डबा सुरू केला. असं करता करता वर्षभरात डबे अकरा झाले. सगळी एकटी राहिलेली म्हातारी माणसं. कुणाची मुलं पुण्याला, कुणाची सुरतेला, कुणाला कुणीच नाही. माझ्याकडं जेवायला येणारे एक ग्रामसेवक म्हणाले, "सुनंदाताई, संस्था काढा. अनुदान मिळतं." म्हणून मी ठेवणीतली साडी नेसून पाठकबाईंकडं गेले.

बाई शेंगा निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "किती डबे?"

"अकरा."

"रोज?"

"रोज. अमुशा-पुनव काय बघत न्हाई."

"तुम्ही आजारी पडलात तर?"

"म्या न्हाई पडत आजारी," मी म्हणाले. तसं काही बोलायला नको होतं, पण बोलले.

बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं आणि हसल्या. "मग तुम्हाला अजून संस्था नको. वर्षभर असंच चालवा. नाव नको, पाटी नको, शिक्का तर मुळीच नको. मग या."

"पण अनुदान..."

"अनुदान यायचं तेव्हा येतं. म्हातारीला भूक रोज दुपारी बाराला लागते. पोटाचं काम अनुदानाच्या भरवशावर धरायचं नसतं." एवढं बोलून त्यांनी मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. भेट संपली होती.

येताना गाडी तेरखेड्याला थांबली. रस्त्याकडेच्या फटाक्यांच्या दुकानांत गिऱ्हाइकांची गर्दी होती आणि मी खिडकीत बसून आतल्या आत फुटत होते. एवढ्या लांब आले, आणि ह्या बाईनं शेंगा देऊन बोळवण केली. पुन्हा हिचं तोंड बघायचं नाही, असं ठरवूनच मी वाशीला उतरले.

आठ महिन्यांनी मला टायफॉईड झाला. वीस दिवस अंथरुणावर होते. पहिले दोन दिवस डबे गेलेच नाहीत. नंतर कळलं, दशरथतात्या दोन्ही दिवस दुपारी उंबऱ्यावर येऊन बसले होते आणि ऊन कलल्यावर उठून आत गेले होते. कुणाला काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला. समोर ब्लाऊज शिवणाऱ्या रझियाभाभी पीठ मळत होत्या. मला म्हणाल्या, "सोती रहो. तुम्हारे बुड्ढे भूके हैं उधर." पिठाच्या गिरणीवाली सरस्वती भाजी चिरत होती. निवृत्त पोस्टमन लिंबराजमामा सायकलला पिशव्या अडकवत होते. गावातली घरं त्यांच्याइतकी कुणाला माहीत? पुढच्या चार दिवसांत अजून तिघं आली. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

बरी झाल्यावर राग गिळून मी पुन्हा बाईंकडं गेले, पेन आणि कागद घेऊन. सात नावं लागतात हे ग्रामसेवकांनी सांगितलं होतं, ती यादीही केली होती. मी, आमचे मालक, धाकटे दीर, माझा भाऊ, स्वतः ग्रामसेवक आणि गावातले दोन वजनदार लोक.

बाईंनी यादी वाचली. "तुमच्या आजारपणात डबा यातल्या कुणी पोचवला?"

मी यादी पुन्हा वरपासून वाचली.

"मग कुणी पोचवला?"

मी सगळं सांगितलं. तात्या उंबऱ्यावर बसल्याचंही सांगितलं. बाईंनी कागद उलटा केला आणि माझ्यापुढं सरकवला. "लिहा ही नावं. तुम्ही धरून सात. ही तुम्ही निवडलेली नाहीत, कामानं निवडलेली आहेत. आणि एका चुलीवरची दोन माणसं कधी घेऊ नका. सरकार चालवून घेईल, पण तुमचं जेवताना ठरेल आणि बाकीच्यांना नंतर कळेल."

नियमावलीला त्या घटना म्हणायच्या. कचेरीतला शब्दच तो. पण बाईंच्या तोंडी आला की वाटायचं, खरंच काहीतरी घडतंय. मला वाटत होतं, जुन्या संस्थेची घटना घेऊन नाव बदललं की झालं. तशी एक झेरॉक्स मी नेलीही होती. तिच्यात चाळीस तरी उद्देश होते. बाईंनी मला ते मोठ्यानं वाचायला लावले. गोशाळा, संगणक प्रशिक्षण, कुस्तीचा आखाडा...

"तुम्ही कुस्त्या लावणार?"

"न्हाई."

"काढा. पुढं?"

पुढं 'बहुउद्देशीय' हा शब्द आला आणि माझी जीभ अडखळली. बाई म्हणाल्या, "जिथं वाचताना अडखळता, ते तुम्हाला कळलेलं नसतं. कळलं नाही ते लिहू नका. पुढं कुणी विचारलं तर काय सांगणार?" शेवटी तीन उद्देश उरले. एकट्या वृद्धांना अन्न, त्यांची औषधं, आणि त्यांच्या कल्याणाची इतर आनुषंगिक कामं. तिसरी ओळ बाईंनी मुद्दाम घालायला लावली. म्हणाल्या, "उद्या कुणाला चष्मा द्यावा वाटला तर घटना दुरुस्त करत बसू नका. खिडकी ठेवावी घराला. सगळ्याच भिंती पाडू नयेत."

अशीच त्यांनी घटना लिहवून घेतली, चार फेऱ्यांत. बँकेत तिघांच्या सह्यांचे नमुने आणि पैसे काढताना कोणत्याही दोघांच्या सह्या. सभा झाली की त्याच दिवशी इतिवृत्त लिहायचं, कारण 'उद्या लिहू' म्हटलं की उद्या आठवेल तसं लिहिलं जातं. देणगी तुरीच्या डाळीची असली तरी पावती फाडायची. हिशेब तपासायला दरवर्षी बाहेरचा माणूस, गावातला ओळखीचा नको. पदावरचं माणूस बदललं की लगेच बदल अर्ज दाखल करायचा. निम्म्या संस्थांची भांडणं त्या एका कागदावाचून कोर्टात गेलेली त्यांनी बघितली होती. संस्थेची जागा ज्याची, त्याचं ना-हरकत पत्र आधीच घेऊन ठेवायचं, जिभेवर विश्वास ठेवायचा नाही. अध्यक्ष तीन वर्षं, आणि फार तर दोन वेळा. त्या कलमावर मी क्षणभरही थांबले नाही. सहा वर्षं म्हणजे मला तेव्हा अर्धा जन्म वाटला होता.

संस्थेचं नाव 'शेजार' ठेवलं. नोंदणीचा कागद हातात आला तेव्हा मी पेढे घेऊन गेले. बाईंनी एक पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "आता मागायला शिका."

त्याचीच मला जास्त लाज वाटत होती. मला रांधायला सांगा, शंभर माणसाचं रांधते. पण हात पसरणं? बाई त्या महिन्यात वाशीच्या बाजाराला आल्या, सोबत स्वतःचा पोळीभाजीचा डबा घेऊन. माझ्या खानावळीत त्या कधी फुकट जेवल्या नाहीत. चहा प्याल्या तरी पैसे ठेवायच्या, आणि मी नको म्हटलं की म्हणायच्या, "उद्या मी तुमची चूक काढायची असेल तर?" त्या दिवशी आम्ही किराणा दुकानांपासून सुरुवात केली. पहिल्या दुकानात मी मान खाली घालून पुटपुटले. बाहेर आल्यावर बाईंनी मला रस्त्यातच थांबवलं.

"तोंड का पाडलं? स्वतःसाठी मागताय का?"

"न्हाई."

"मग सरळ बघून मागा. काम काय, कितीजणांचं, त्यांच्याकडून काय हवं, आणि त्यांनी काही दिलं नाही तर काय होईल, एवढं सांगा. रडू नका. म्हाताऱ्यांची दैना रंगवून सांगू नका, ती माणसं याच गावात राहतात. आणि नाही म्हणालं कुणी, तर त्याच्याकडंच पुढच्या वर्षी आधी जा."

मी म्हणाले, "पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांना पत्रं लिहू की, बाई."

"लिहा, पण नंतर. ते पहिलं काय विचारतील? तुमच्या गावानं काय दिलं. त्या प्रश्नाला उत्तर हवं."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्याकडं दीड पोतं ज्वारी, डाळ, तेलाचा एक डबा आणि गुळाच्या दोन ढेपा जमा झाल्या. बाईंनी माझ्याकडून प्रत्येकाची पावती फाडून घेतली. गूळ देणारा दुकानदार हसत होता. "गुळाची कसली पावती, बाई?" पण मी बघितलं, त्यानं ती गल्ल्यात टाकली नाही. देवाच्या फोटोला लावली.

सगळ्यात जास्त मला आठवतो तो महादेवचा प्रसंग. महादेव म्हणजे गिरजाकाकूंचा थोरला मुलगा, पुण्याला कारखान्यात. गावातल्या कुणीतरी त्याला फोनवर सांगितलं, की तुझी आई संस्थेच्या डब्यावर जेवती. तो पहाटेच मोटारसायकल घेऊन निघाला आणि अकराच्या सुमाराला थेट खानावळीत येऊन उभा राहिला. नेमक्या त्या दिवशी बाई आल्या होत्या.

"माझ्या आईला भीक घालताय तुम्ही?" तो ओरडला. "मी मेलोय का?"

खानावळीतले लोक जेवायचे थांबले. बाई उठल्या, त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि मला म्हणाल्या, "गिरजाबाईंचा डबा भरलाय ना? तो यांच्यापुढं ठेवा."

"मला जेवायचं न्हाई."

"जेवायला सांगत नाही. उघडून बघा."

त्यानं डबा उघडला. दोन मऊ भाकरी, भाताची मूद, वरण, दोडक्याची भाजी, वेगळ्या वाटीत मीठ कमी घातलेलं पिठलं. काकूंना रक्तदाब होता. त्यानं त्या वाटीत बोट बुडवून चाखलं.

"आईला मिठाचं पथ्य आहे? तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दवाखान्याचा कागद वाचला," मी म्हणाले.

"मला म्हाईत नव्हतं," तो म्हणाला. मग खुर्चीत बसला आणि रुमालानं तोंड पुसत राहिला. थोड्या वेळानं त्यानं खिशात हात घातला. "महिन्याचे किती द्यायचे आईचे?"

बाई म्हणाल्या, "आईचे घेणार नाही. आईचे घेतले तर ती खानावळ होईल आणि तुम्ही गिऱ्हाईक. द्यायचेच असतील तर दशरथतात्यांच्या डब्याचे द्या. त्यांना कुणी नाही. तुमच्या आईचा डबा दुसरा कुणीतरी देईल."

महादेवला ते लगेच कळलं नाही. मलाही नाही. तो त्या दिवशी आईजवळ राहिला, आणि दुसऱ्या दिवशी निघताना तात्यांच्या घरी जाऊन त्यांच्या पाया पडून आला. पुढं पुण्याला राहणारी वाशीची बरीच मुलं त्यानं गोळा केली. प्रत्येकजण दुसऱ्याच्या आईबापाचा डबा द्यायचा. कुणाच्या म्हाताऱ्यावर कुणाचा उपकार नव्हता, आणि कुणी आपल्या म्हातारीला विसरतही नव्हता. आज 'शेजार'चा निम्म्याहून जास्त भार तीच मुलं उचलतात. मोठ्या ठिकाणी अर्ज करताना आम्ही हीच रीत सांगतो. ऐकणारे विचारतात, ही कल्पना कुणाची? मी नाव सांगते. त्यांना ते माहीत नसतं.

बाईंनी मला एक गोष्ट मात्र शिकवली नव्हती, किंवा शिकवली होती आणि मला ऐकू आली नव्हती.

सहा वर्षं संपत आली. मी दोन वेळा अध्यक्ष झाले होते. डबे चाळीसच्या वर गेले होते. पेपरात दोनदा नाव आलं होतं, तालुक्यात लोक मला शेजारवाल्या ताई म्हणत होते. आणि आता पद सोडायचं? पोरगं स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या ओटीत घालावं तसं वाटायला लागलं. सगळे म्हणत होते, "ताई, तुमच्याशिवाय कोण?" घटना दुरुस्त करता येते हे मला माहीत होतं. दुरुस्तीचा मसुदा लिहून मी धाराशिवला गेले.

बाई थकल्या होत्या. मोतीबिंदूचं एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "वाचा."

मी वाचलं. 'विद्यमान अध्यक्षांची सेवा विचारात घेता त्यांना मुदतीची अट लागू राहणार नाही.' मी त्या वाक्यात दोनदा अडखळले. बाईंनी ते ऐकलं. मग कागद मागितला, डोळ्याजवळ धरला आणि म्हणाल्या, "असं टिकणार नाही. कायद्यात चुकलंय. लिहून घ्या." आणि त्यांनी मला तोच ठराव नीट सांगितला, कलमासकट, सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची, किती मतं लागतील, सगळं. मला वाटलं, बाईंनाही पटलं. मी खूश होऊन कागद घडी करायला लागले, तेव्हा त्या बोलायला लागल्या. माझ्याकडं बघत नव्हत्या.

"लीला म्हणून माझी मैत्रीण होती. तुळजापूरला आम्ही दोघींनी मुलींचं वसतिगृह काढलं. खेड्यातल्या मुली शिकायला यायच्या. मी सरकारी नोकरीत, मला पद घेता येईना. लीला अध्यक्ष. घटना मी टाईप केली. त्यात मी लिहिलं, अध्यक्ष तहहयात राहतील. जन्मभर. मला कुणी सांगितलं नव्हतं तसं लिहायला. लीलासारखी बाई असताना दुसरं कोण हवंय, असं वाटलं." त्या थांबल्या. "वसतिगृहाच्या नवव्या वर्षी लीला गेली. आजारपणात तिनं दिराला बसवलं खुर्चीत. खुर्ची तहहयातचीच होती. आता तिथं त्याचं मंगल कार्यालय आहे. मुलींच्या खोल्यांत वऱ्हाड उतरतं."

माझ्या हातातली कागदाची घडी अर्धीच राहिली.

"नोकरीत असताना ती फाईल कितीदा हातात आली माझ्या. टायपिंगची एक चूक नाही त्यात." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमचा ठरावही बिनचूक आहे. सही मात्र तुमची."

त्या नको म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. त्यांनी ती सोयही ठेवली नाही.

सभा आमच्या अंगणात झाली. मी ठराव वाचला. सगळ्यांचे हात वर गेले. रझियाभाभीचा, लिंबराजमामांचा, सरस्वतीचा. पण हात वर करताना एकजणही माझ्याकडं बघत नव्हता. रझियाभाभी चटईची काडी उपटत होत्या. सहा वर्षं जी माणसं भाजीत मीठ जास्त पडलं तरी तोंडावर सांगायची, ती आज खाली बघत होती. मी म्हणाले, "हात खाली करा. ठराव मागं घेते." आणि सरस्वतीचं नाव मीच सुचवलं.

हे आज लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा मी मनानं मोठी झाले नव्हते. सरस्वतीनं महिन्याभरात स्वयंपाक माझ्या खानावळीतून गिरणीशेजारच्या शेडमध्ये नेला, कारण तिथं जागा होती. तिचं बरोबर होतं, पण माझं काळीज तुटलं. सगळा राग मी बाईंवर काढला. त्यांच्याकडं जायचंच बंद केलं. धाराशिवला कामाला गेले तरी त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून पुढं जायची. एकदा तर त्यांचं दार उघडं दिसलं. आत पाटावर त्या कुणाला तरी काही वाचायला लावत होत्या, आवाज बाहेर येत होता. मी थांबले आणि निघून आले. जवळजवळ दोन वर्षं असं केलं मी. डबे त्या दोन वर्षांत एक दिवसही चुकले नाहीत. माझ्यावाचून चुकले नाहीत, हेच मला सोसत नव्हतं.

ती दोन वर्षं मला परत हवी आहेत. दुसरं काही नको.

राग कसा गेला, सांगता येत नाही. एका दुपारी शेडमध्ये गेले तर कोपऱ्यात सरस्वती नव्या आलेल्या मुलीला सांगत होती, "गिरजाकाकूची वाटी येगळी. मीठ कमी." काकू तेव्हा पंच्याऐंशीच्या होत्या आणि चांगल्या होत्या. मी तिथंच पोळ्या लाटायला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी धाराशिवची गाडी धरली.

बाईंच्या खोल्या अर्ध्या रिकाम्या झाल्या होत्या. कोल्हापूरची भाची त्यांना न्यायला आली होती. मला बघून त्या म्हणाल्या, "या. सरस्वती चांगलं चालवते. तिचा बदल अर्ज मीच बघून दिला." दोन वर्षांबद्दल एक शब्द नाही. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "गाडी एकची आहे. त्या गोणीचं तोंड शिवायला मदत करा." मग आम्ही दोघींनी समोरासमोर बसून सुतळीनं त्यांच्या भांड्यांच्या गोणीचं तोंड शिवलं. तेवढंच बोलणं झालं आमचं.

कोल्हापूरला त्या आठ-नऊ महिने होत्या. मी दिवाळीनंतर जाईन, सुगी झाली की जाईन, असं म्हणत राहिले. मग भाचीचा फोन आला. झोपेतच गेल्या. आम्ही शेडमध्ये त्या दिवशी डबे वेळेवर भरले आणि नंतर सगळ्याजणी तिथंच जमिनीवर बसून राहिलो. पण माझ्यापुरत्या बाई बसस्टँडवरच गेल्या.

गोणी शिवली त्या दिवशी एकची गाडी गर्दीनं भरून आली होती. भाचीनं आधी चढून खिडकीची जागा धरली आणि बाईंना तिथं बसवलं. मी खाली खिडकीशी उभी होते. गजांवर त्यांची बोटं होती. मला सांगायचं होतं बरंच काही, आणि गाडी सुटेपर्यंत वेळ होता. तेवढ्यात एक लेकुरवाळी रडतं तान्हं पोर घेऊन गर्दीतून आत आली, घामानं ओली झालेली. बाईंनी तिच्याकडं बघितलं, भाचीला काहीतरी म्हणाल्या आणि उठल्या. भाची नको नको म्हणत होती. बाईंनी त्या लेकुरवाळीला हाताला धरून खिडकीत बसवलं आणि स्वतः पलीकडं, वाटेकडच्या जागेवर सरकल्या.

आता खिडकीत ते पोर होतं. वारा लागल्याबरोबर रडायचं थांबलं आणि माझ्याकडं टकामका बघायला लागलं. त्याच्या डोक्यावरून मला बाईंचा फक्त हात दिसत होता, पुढच्या बाकाची दांडी धरलेला. मी हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती पोचली नसावी. गाडी वळून फाटकाबाहेर पडेपर्यंत मी त्या हाताकडं बघत उभी होते.